आढीतल्या चेऱ्या

माझ्या हातून आजवर एक झाड मेलं आणि एक जगलं. जे जगलं त्यात माझा काही हात नव्हता, असं बायको आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायची. मी नागपूरचा. संत्र्यांच्या गावचा माणूस, तेव्हा बागकाम आपल्या रक्तातच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात नागपुरात असताना संत्र्यांच्या बाबतीत मी एकच काम केलं होतं, ते म्हणजे सोलून खाणं. पण ओहायोतल्या डब्लिनमध्ये घर घेतलं, घरामागे हिरवळीचा एक तुकडा मिळाला, आणि त्या तुकड्याकडे बघून माझ्यातला शेतकरी जागा झाला. तो झोपलेलाच बरा होता.

झाड कशाचं लावायचं हे बायकोनं ठरवलं. ती सावंतवाडीची. आंबटाशिवाय तिचा घास उतरत नसे. अमेरिकेत आल्यावर सगळ्यांची पहिली तक्रार थंडीची असते. हिची वेगळीच होती. "अरे, इथं आंबटसुद्धा गोड आहे," ती म्हणायची. लोणचं गोड, दही गोड, पावसुद्धा गोड. मग एका जूनमध्ये मुलीच्या शाळेतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही गावाबाहेरच्या एका फळबागेत गेलो. तिथं आपणच झाडावरून फळं तोडायची आणि वजन करून घरी न्यायची. बागेचा मालक एक उंच, वाकलेला म्हातारा होता. त्याच्या टोपीचा मूळ रंग कुठला हे बहुधा त्यालाही आठवत नसावं. एका रांगेकडे बोट दाखवून तो म्हणाला, "त्या नुसत्या खाऊ नका. त्या चेरी-पाय करायच्या चेऱ्या आहेत, भयंकर आंबट."

म्हाताऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिच्या तोंडात तीन चेऱ्या गेल्या होत्या. डोळे मिटले, एक खांदा वर गेला, गाल आत ओढले गेले. मला वाटलं, आता थुंकणार. तिनं डोळे उघडले तेव्हा ते पाण्यानं भरले होते.

"रायआवळा," ती म्हणाली. "अरे, लाल रंगाचा रायआवळा आहे हा!"

त्या दिवसापासून तो म्हातारा आमच्या घरात 'बागवाले काका' झाला. त्याला हे कधीच कळलं नाही. दर जूनमध्ये आम्ही जायचो. मी तोडायचो, ही त्याच्याशी गप्पा मारायची. तिचं इंग्रजी सावंतवाडीच्या वळणाचं आणि त्याचं ओहायोच्या शेतातलं, पण चेरीवर दोघांचं छान जमायचं. जात कुठली, हे आधी बघायचं, असं तिला त्यानंच शिकवलं. मोंटमोरेन्सी म्हणून जी जात आहे ती लाल भडक, पण आतून पिवळसर, आणि तिचा रस काचेसारखा स्वच्छ. दुसरी एक काळपट लाल, तिचा रस शाईसारखा, चवीला जराशी तुरट. त्यानंतर बघायची हवा. एप्रिलमध्ये मोहोर असताना पाळा पडला, म्हणजे रात्री दव गोठलं, तर फळच नाही. मे थंड आणि जून कोरडा गेला, तर आंबटाच्या मागून गोडी येते. तोडायच्या तोंडावर पाऊस आला, तर फळ पाणी पिऊन फुगतं, तडकतं आणि कुजतं. ऊन फार झालं, तर मऊ पडतं. वारा सुटला, तर फांदीवर आपटून सालीला डाग पडतात.

"म्हणजे सगळं हवामान खात्याच्या हातात," मी एकदा शहाणपणानं म्हणालो.

"आणि थोडं तोडणाऱ्याच्या," काका म्हणाले, आणि माझ्या बादलीकडे बघितलं. मी अर्ध्या कच्च्या तोडल्या होत्या. त्यांनी मला त्या दिवशीच सांगितलं होतं, की ही फळं झाडावरून उतरली की पिकायची थांबतात. हिनं ते लक्षात ठेवलं. मी बादलीतल्या हिरव्या चेऱ्या लाल चेऱ्यांखाली लपवण्यात गुंतलो होतो.

त्या चेऱ्यांचं ती लोणचं घालायची. हेअरपिननं एकेक बी काढायची. मोहरीची पूड, मेथी, हिंग, तिखट, मीठ, वरून थंड केलेलं तेल. बरणीच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेननं लिहायची. लोक साल लिहितात. ही हवा लिहायची. 'पाऊस फार. पाणचट.' 'ऊन कडक. साल जाड.' 'वारा. दिसायला वाईट, चव बरी.' फ्रीज उघडला की आतल्या फळीवर ओहायोच्या गेल्या चार-पाच उन्हाळ्यांचा जबाब नोंदवलेला असायचा.

मग घरीच झाड लावायचं ठरलं, आणि ती मोहीम मी माझ्या हाती घेतली. नर्सरीत गेलो. तिनं नाव कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी घरीच विसरलो. टॅगवरचं चित्र बघून, सगळ्यांत मोठी आणि देखणी चेरी ज्यावर होती ते झाड उचलून आणलं. तीन वर्षं त्याला खत घातलं, पाणी घातलं, थंडीत बुंध्याला पोतं गुंडाळलं. तिसऱ्या वर्षी पाच फुलं आली आणि पाचही गळून गेली. काका एकदा रस्त्यावरून जाताना थांबले, बघून म्हणाले, "ही गोड चेरी आहे. हिला जोडीला दुसरं झाड लागतं. एकटीला फळ धरत नाही." त्याच हिवाळ्यात ते झाड वारलं. लग्नाआधीच गेलं बिचारं, असं ही म्हणाली.

दुसरं झाड तिनं स्वतः आणलं. मोंटमोरेन्सी. ती नर्सरीत असताना फोन करून मी विचारलं होतं, "दोन घ्यायची ना? जोडी?" ती पलीकडून म्हणाली, "नको. ही एकटी पुरते. ह्या जातीला कुणाची गरज लागत नाही." आणि वर, "माझ्यासारखी आहे." मी हसलो होतो. ते वाक्य आता मला जसं ऐकू येतं, तसं तेव्हा ऐकू आलं नव्हतं.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगायची तर तिच्या आजारापासून सांगावी लागेल, आणि ती मला नीट सांगता येत नाही. थोडक्यात सांगतो. आदल्या ऑगस्टमध्ये आजार कळला. हिवाळाभर केमो झाली. केमोनं तिचे केस गेले, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. चव गेली, त्याचं वाटलं. "नाणं चघळतेय असं वाटतं," ती म्हणायची. वरण नाण्याचं, भात नाण्याचा, चहासुद्धा नाण्याचा. फक्त एकच गोष्ट त्या धातूच्या चवीला भेदून आत पोचायची: चेरीचं लोणचं. चमच्याच्या टोकावर घ्यायची, जिभेवर ठेवायची, आणि खांदा वर जायचा. तो खांदा वर गेला की ती चार घास जेवायची. बाकी कशानं जेवायची नाही. डॉक्टर वजन बघायचे, मी फ्रीजमधली बरणी बघायचो.

एप्रिलमध्ये बरणीच्या तळाशी दोन बोटं लोणचं उरलं होतं. दुकानात मिळतं का, म्हणून मी भलभलते प्रयोग केले. सुकवलेल्या चेऱ्या आणल्या, त्यांना साखर लावलेली निघाली. बाटलीतला रस आणला. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "नाणंच आहे. फक्त लाल." तेव्हा सगळी भिस्त आमच्या झाडावर होती. ते एप्रिलच्या शेवटी मोहोरानं असं पांढरं झालं होतं की बर्फ वितळायचा राहून गेल्यासारखं वाटावं.

"जूनपर्यंत मी थांबते," ती खिडकीतून बघत म्हणाली. "तू त्याला सांग, वेळेवर ये म्हणावं."

आणि त्याच आठवड्यात फोनवर सूचना आली: पहाटे पाळा पडणार.

"कपाटातल्या गोधड्या काढ," ती म्हणाली. "संध्याकाळ व्हायच्या आत झाडावर टाक. जमिनीची ऊब आत राहते."

त्या गोधड्या तिच्या आईनं शिवलेल्या. चार होत्या. बावीस वर्षं त्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये पडून होत्या, कारण मी कधी वापरू दिल्या नव्हत्या. आमच्या घराण्याची ही रीत आहे: चांगली वस्तू ठेवायची असते, वापरायची नसते. माझ्या वडिलांच्या कपाटात एक शर्ट होता, तो त्यांच्याही मागे नवाच राहिला. गोधड्या चिखलात? दवात? मी म्हटलं, "छे, माझ्याकडे जास्त चांगला उपाय आहे," आणि हार्डवेअरच्या दुकानातून भलीमोठी प्लॅस्टिकची ताडपत्री घेऊन आलो. शिडी लावून ती झाडावर चढवली, चारी बाजूंनी आवळून दोऱ्या बांधल्या. झाड एखाद्या पार्सलसारखं दिसू लागलं. पत्ता लिहायचा तेवढा राहिला होता.

ती हळूहळू मागच्या लाकडी डेकवरून खाली उतरली. डोक्याला लोकरी टोपी, हातात तिची एक जुनी सुती साडी. माझी ताडपत्री स्वयंपाकघराच्या बाजूच्या खालच्या फांदीला पुरली नव्हती. त्या फांदीला ती साडी गुंडाळू लागली.

"झाडाला साडी नेसवतेस?" मी विचारलं.

"तू त्याला रेनकोट घातलास. मग मी साडी नेसवली तर काय बिघडलं?"

"आतून मोकळी हवा हवी, घट्ट बांधू नकोस," मी सल्ला दिला. शिडीवरून. ज्याच्या ताडपत्रीत हवेचा कण शिरत नव्हता, त्या माणसानं.

सकाळी मी ताडपत्री काढली. फुलं जशीच्या तशी पांढरी. मी नाचत आत गेलो. "बघ! एकही गेलं नाही!" तिनं झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "एक फांदी तोड आणि काकांना दाखवून ये."

काकांनी डहाळी हातात घेतली. एक फूल तोडलं, अंगठ्याच्या नखानं मधोमध चिरलं आणि माझ्यापुढे धरलं. पाकळ्या दुधासारख्या आणि आत मध्यभागी, जिथं फळ धरायचं ती जागा, काळी. दुसरं चिरलं. काळी. तिसरं, चौथं. "प्लॅस्टिक?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. प्लॅस्टिक जिथं जिथं फुलाला टेकतं, तिथं थंडी आत शिरते, असं ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बाहेरून आठवडाभर काही दिसणार नाही," ते म्हणाले, "मग एकदम गळतील."

तेव्हा बाहेरून तीही बरी दिसत होती. केस परत यायला लागले होते, डोक्यावर कोवळी लव होती. पाहुणे म्हणायचे, छान दिसतेस ग. मे महिन्यात डॉक्टरांनी स्कॅन समोर ठेवून सांगितलं, की आता औषधं थांबवू, घरी आरामात राहा. परतताना गाडीत तिनं लोकरी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "साडीवाली फांदी वाचली असेल बघ."

वाचली होती. एवढ्या झाडावर एकच फांदी. दिवाणखान्यात खिडकीपाशी तिचा पलंग आणला, तिथून ती फांदी दिसायची. कपाटातल्या गोधड्या मी तेव्हा काढल्या. तिनं एक पायावर ओढून घेतली आणि म्हणाली, "आता काढल्यास होय?" हसतच म्हणाली. पण म्हणाली.

हिरवे मणी धरले, मोठे झाले. जूनच्या मध्यावर त्यांच्यावर पिवळी झाक आली, मग एका गालावर गुलाबी. ती झोपून त्यांचा पहारा करायची. रॉबिन पक्षी आला की "अरे, आला तो लाल पोटाचा!" अशी हाक मारायची आणि मी ऑफिसची मीटिंग सोडून टाळ्या वाजवत बाहेर धावायचो. ऑनलाइन मीटिंगमध्ये लोकांना ऐकू जायचं. माझ्या साहेबाला बरेच दिवस वाटत होतं, की मी त्याच्या बोलण्यावरच टाळ्या वाजवतो.

बरणी रिकामी झाली होती. तिनं तळ पुसून खाल्ला होता. तिचं जेवण आता दोन-तीन चमचे मऊ भातावर आलं होतं.

आणि फोननं पुन्हा सूचना दिली: उद्यापासून तीन दिवस वादळी पाऊस.

इथं माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक येते, आणि ती मी अत्यंत विचारपूर्वक केली. पाऊस आला की चेऱ्या तडकणार, कुजणार. एकच फांदी. तेव्हा आताच तोडायच्या. कच्च्या आहेत, तर पिकवायच्या. आणि कच्चं फळ पिकवायची रीत मला ठाऊक होती. कुठल्या मराठी माणसाला नसते? दुपारी ती झोपलेली बघून मी बाहेर गेलो. फळं निघेनात. देठाला घट्ट धरून बसली होती. ओढून, पिळून काढली. काहींची साल फाटून मागे राहिली. वाडगं भरलं. मग आंबेमोहोर तांदळाचा मोठा डबा काढला, त्यात एक थर तांदूळ, एक थर चेऱ्या, वर पुन्हा तांदूळ, असं केलं आणि झाकण लावून डबा अंधाऱ्या पँट्रीत ठेवून दिला.

मी चेरीची आढी घातली.

पाऊस आला नाही. ते ढग उत्तरेला, दूरच्या मोठ्या तलावाकडे निघून गेले. तीन दिवस असं निळं, कोरडं, थंड ऊन पडलं, की बागवाले काका त्यांच्या ट्रकमधून जाताना माझ्याकडे बघून अंगठा वर करून गेले. ह्या हवेत ती फळं झाडावर राहिली असती, तर चौथ्या दिवशी ती तिला हवी होती तशी झाली असती.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "माझी फांदी कुठाय?"

"तिथंच आहे."

"फांदी आहे. चेऱ्या कुठायत?"

मी सांगितलं. मुलगी दूरच्या कॅरी गावाहून विमानानं आली होती. ती तिथल्या एका औषध कंपनीत काम करते. तीही तिथंच बसली होती. तिला आढी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. ती ऐकून घेत म्हणाली, "वेट. बाबा, यू पुट देम इन द राइस? लाइक अ वेट फोन?" तिच्या पिढीत तांदळात फक्त भिजलेला फोन ठेवतात.

"डबा आण," बायको म्हणाली.

मी डबा आणला, तिच्या गोधडीवर ठेवला, झाकण काढलं. वरचा तांदूळ गुलाबी झाला होता. खाली हात घातला. अर्ध्या चेऱ्यांवर राखाडी बुरशी आली होती. बाकीच्या सुरकुतल्या होत्या, आणि रंग तोच होता, एका गालावर गुलाबी, दुसऱ्या गालावर पिवळा. एकही पिकली नव्हती. काका कित्येक वर्षांपूर्वी जे म्हणाले होते ते तेव्हा मला आठवलं. बादलीसकट आठवलं.

मला वाटलं ती रडेल. तिनं एक सुरकुतलेली चेरी उचलून उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली. आवाज फारसा नव्हता अंगात, पण सगळी गोधडी हलत होती. "आढी!" ती म्हणायची, आणि पुन्हा हसायची. "चेरीची आढी घातली नागपूरकरानं!" सावंतवाडीला बहिणीला फोन लावायला लावला. तिला सांगितलं. भावाला सांगितलं. घरी तपासायला येणारी नर्स आली, तिला इंग्रजीत सांगायला गेली आणि आढीला शब्द सापडेना, तर हातांनी करून दाखवलं. खोकला आला, पाणी दिलं, पाणी पिऊन पुन्हा म्हणाली, "आढी." त्या घरात तिचं मी ऐकलेलं ते शेवटचं मोठं हसणं.

मग एकदम थकली. डोळे मिटून म्हणाली, "चांगल्या तेवढ्या निवड. लोणचं घाल. मी सांगते तसं कर."

मूठभर निघाल्या. तिच्याच हेअरपिननं बिया काढल्या. ती खिडकीपाशी पडून सांगत होती, मी शेगडीपाशी उभा राहून करत होतो. "मेथी तेलात टाक. तांबूस झाली की लगेच उतरव. लगेच हं." मी मेथी टाकली आणि वळून तिच्याकडे बघितलं, कारण तिचा आवाज थांबला होता. झोपली की काय, म्हणून बघत राहिलो. झोपली नव्हती, श्वास घेत होती. मी कढईकडे वळलो तोवर मेथी कोळशासारखी काळी झाली होती. दुसरी करायला हवी होती. पण मला वाटलं, तेवढा वेळ नाही. मी तीच कालवली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या हातचं कधीही चांगलं म्हटलं नव्हतं. माझ्या पोह्यांना ती 'भिजलेला पेपर' म्हणायची. माझा रस्सा तिनं एकदा कुंडीत ओतला होता, आणि "बघू या, कुंडीला तरी चालतो का," असं म्हणाली होती. मी जेवण केलं की पाहुण्यांना दारातच सावध करायची. आमच्या घरात ह्याला प्रेम म्हणायचे, आणि ते प्रेमच होतं.

बरणीच्या झाकणासाठी तिनं पट्टी मागितली. बॉलपेननं स्वतः लिहिलं: 'हवा उत्तम. आढीतल्या.'

दुसऱ्या दिवशी मऊ भाताबरोबर चमच्याच्या टोकावर मी ते लोणचं दिलं. तिनं जिभेवर ठेवलं. मी तिच्या खांद्याकडे बघत होतो.

"छान झालंय," ती म्हणाली.

"खरंच?"

"खरंच रे. मस्त झालंय."

खांदा हलला नव्हता. मी तोच चमचा चाटून बघितला. कडू जहर. मेथीचा कोळसा आणि त्याखाली कच्च्या चेरीचा नुसता तुरटपणा. मी तिच्याकडे बघितलं, ती शांतपणे घास गिळत होती, आणि मला कळलं.

काय कळलं, ते मात्र अजून नीट ठरवता येत नाही. जीभ गेली होती, आणि तिला कशाचीच चव लागत नव्हती, असं असेल. किंवा तिला सगळं लागत होतं आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला माझी दया आली, असं असेल. ह्यातलं काय जास्त वाईट, मला सांगता येत नाही. मी ओट्याशी गेलो आणि ती करपलेली कढई घासायला घेतली. घासून झाल्यावरही घासत राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स क्लीन."

ते लोणचं ती शेवटपर्यंत खात होती. रोज मागायची. रोज "छान झालंय" म्हणायची. जुलैच्या मध्यावर ती गेली. बरणीत थोडं उरलं.

ह्या वर्षी हवेनं काहीच वाकडं केलं नाही. थंडी लांबली, मोहोर उशिरा आला आणि पाळ्यातून वाचला. ताडपत्री मी बाहेरच काढली नाही. एक रात्र जरा थंडीची वाटली तेव्हा चारही गोधड्या झाडावर टाकल्या आणि सकाळी चिखलाच्या झाल्या तशा धुतल्या. काही झालं नाही त्यांना. मे थंड गेला, जून कोरडा. फांद्या खाली वाकल्या. मी तोडायला जाईना. लाल झाल्या तरी जाईना. पक्ष्यांनी वरचा शेंडा साफ केला, मी डेकवर बसून बघत राहिलो. शेवटी काका स्वतः आले. त्यांनी एका चेरीखाली तळहात धरला आणि बोट नुसतं लावलं. फळ देठ झाडावरच सोडून त्यांच्या हातात आलं.

"पिकली की स्वतःच सोडते," ते म्हणाले. "ओढायची नसते."

मुलगी कॅरीहून आली. आम्ही दोन बादल्या तोडल्या. मी लोणचं घातलं. मेथी तीनदा केली, तिसऱ्यांदा ती तांबूस उतरली. फळ असं होतं, की आंबटाच्या मागून गोडी येत होती, ती जी कोरड्या जूनमध्ये येते ती. असं फळ आमच्या झाडाला कधीच लागलं नव्हतं.

आठ दिवसांनी बरणी उघडली. मुलीच्या ताटात वाढलं. तिनं भाताबरोबर खाल्लं.

"इट्स गुड, बाबा."

 माझा हात चमच्यावर तसाच राहिला. तिनं माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून ती ह्या घरातच जेवत आली आहे, तिला ते दिसलं असावं. तिनं आणखी थोडं घेतलं, ह्या वेळी नुसतं, आणि जिभेवर ठेवून नीट चव घेतली. तिचा एक खांदा वर गेला.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. "आणि हिंग विसरलात."

विसरलो होतो.

जुन्या बरणीचं झाकण मी फेकलेलं नाही, ते फ्रीजच्या आतल्या फळीवरच आहे. नव्या बरणीला पट्टी लावली आणि बॉलपेन घेऊन बराच वेळ बसलो. मग लिहिलं: 'हवा उत्तम. मीठ जास्त. हिंग नाही.'